सतराव्या पानावरचा खूर

सोमवारी सकाळी कान्यशाय उमसुनायच्या दारात आली, तेव्हा तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं.

"परवा जिल्ह्याहून चौकशीला साहेब येणार आहेत," ती म्हणाली. "तोवर हे कोणी केलं ते कळलं नाही, तर माझी नोकरी गेली."

कान्यशाय म्हणजे आमच्या ताश-केचूच्या वाचनालयाची प्रमुख. दोनच वर्षांपूर्वी रुजू झालेली, हुशार, आणि गावातल्या पोरांची लाडकी. हे शेवटचं तिला फार महागात पडलं.

उमसुनाय पोलिसांतून निवृत्त झाल्यापासून खासगी तपास करते. तपास कसले, बहुतेक चुकलेले घोडे. तिचा दीर केंजेबेक तिच्याबरोबर असतो, तिला जेंगे म्हणजे वहिनी म्हणतो. गाडी त्याची आणि डोकं तिचं, अशी त्यांची वाटणी आहे. आत्ताही तो कोपऱ्यात बसून कणकेचे तळलेले बोरसोक खात होता.

उमसुनायने पुस्तक उलगडलं. घोड्यांच्या आजारांवरचं होतं. नव्वद वर्षांपूर्वी आमचं वाचनालय म्हणजे उन्हाळी कुरणावरचा एक तंबू होता, आणि त्या तंबूत आलेलं पहिलं पुस्तक हेच. मधली पन्नास वर्षं ते हरवल्यातच जमा होतं. गेल्या वर्षी कान्यशायने अडगळीची खोली उपसली, तेव्हा एका पेटीत कुजक्या नमद्याखाली ते सापडलं.

येत्या शुक्रवारच्या नव्वदीच्या समारंभासाठी तिने ते काचेच्या कपाटात ठेवलं होतं. गेल्या गुरुवारी काचा पुसायला कपाट उघडं होतं. त्या दिवशी तयारीला तिच्याखेरीज दोघंच आले होते, शाळेतले शामीरकान मास्तर आणि आधीच्या ग्रंथपाल बुरमा, ज्यांना सगळं गाव एजे म्हणजे ताई म्हणतं. संध्याकाळी पुस्तक नव्हतं. शनिवारी बाजारात रद्दीवाल्याच्या पोत्यात ते मिळालं. पोत्यात कोणी टाकलं ते त्याने पाहिलं नव्हतं.

पहिल्या पानावरचा वाचनालयाचा शिक्का कापून काढलेला होता, पण पातं चुकलं होतं. जांभळ्या शाईचा अर्धा गोल तसाच राहिला होता. पुढे सतराव्या पानाचा खालचा कोपराही चौकोनी कापलेला होता.

"घाई झालेली दिसते," केंजेबेक हात पुसत म्हणाला. "पण माणूस जाणकार आहे, जेंगे. सतरावं पान सगळ्यांना ठाऊक नसतं. मला आहे."

कसं ते त्याने न विचारता सांगितलं. सातवीत असताना त्याने वाचनालयाचं एक पुस्तक ढापलं होतं, शिक्क्याचं पहिलं पान फाडून. बुरमा एजेंनी त्याच्याकडे बघत बघतच बोटांनी पानं मोजली, सतरावं उघडलं आणि तिथला शिक्का त्याच्या नाकासमोर धरला. शिक्का दोन ठिकाणी मारायचा, पहिल्या पानावर आणि सतराव्यावर, अशी वाचनालयाची रीत.

"म्हणून तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतात," कान्यशाय म्हणाली. "वाचनालयातल्याच कोणीतरी शिक्के काढून पुस्तक विकलं, असं मास्तर बाजारभर सांगत सुटलेत."

या पुस्तकाची नक्कल आहे का, असं उमसुनायने विचारलं. होती. हिवाळ्यात कान्यशायने पानन् पान स्वतः उलटून फोटो काढले होते. उमसुनायने तिच्या फोनवर सतरावं पान काढायला लावलं. कोपऱ्यात घोड्याच्या खुराचं चित्र होतं, बाकी काही नाही. तिने फोन परत दिला.

जाताना कान्यशायने समारंभाची पत्रिका ठेवली. वर एक जुना फोटो होता: पांढऱ्या कपाळाचा घोडा, त्यावर बसलेली तरुण बाई, आणि खोगिराला अडकवलेली पुस्तकांची पिशवी.

शामीरकान मास्तरांनी दोघांना घरात घेतलं, पण चहा विचारला नाही. वाचनालयाचा दोनशे पानी इतिहास त्यांनी लिहिला होता, आणि त्यात त्यांचे आजोबा, तंबूतले पहिले ग्रंथपाल, पानापानावर होते. कान्यशायने कार्यक्रमपत्रिकेत त्यातल्या चारच ओळी घेतल्या.

"मी जळतो तिच्यावर," मास्तर म्हणाले. "लपवत नाही. कालची पोर आणि गाव तिच्यामागे. पण त्या पुस्तकाला मी सुरी लावीन? त्यावरचा शिक्का माझ्या आजोबांच्या हातचा होता. तंबूच्या काळात तो एकच शिक्का मारायचे. सतराव्या पानाची रीत पुढे आली."

मग खिडकीतून बाहेर बघत, केंजेबेकच्या गाडीच्या मागच्या काचेवरची बारीक चिठ्ठी वाचून ते म्हणाले, की गाडीच्या तपासणीची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली आहे. केंजेबेकला घाम फुटला.

बुरमा एजेंच्या दारात उमसुनायने हाक दिली, तेव्हा त्यांनी आवाजावरून तिला लगेच ओळखलं.

"आणि बरोबर कोण?" त्यांनी विचारलं. केंजेबेक त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता. तो बोलल्यावर त्या हसल्या. "अरे, पुस्तकचोर. ये."

वाटीत चहा ओतताना त्यांनी काठाला बोट लावून ठेवलं होतं. चहा बोटाला लागला तसा हात थांबला. कान्यशायचं नाव निघालं आणि त्यांचा आवाज बदलला.

"एकेचाळीस वर्षं केली मी तिथे. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, झोपेतही सांगितलं असतं. तिने माझी कार्डांची कपाटं अडगळीत टाकली. आता पोरं माझ्या दारावरून पळत तिच्याकडे जातात. आणि ते पुस्तक! एकेचाळीस वर्षं माझ्या पायाखाली होतं, सापडलं कोणाला, तर तिला. मला ते उघडूनसुद्धा दाखवलं नाही. म्हणे, काचेतून बघा. वर पत्रिकेवर फोटो छापलाय, तोही स्वतःचाच."

केंजेबेकने काही बोलायला तोंड उघडलं. उमसुनायने त्याचा पाय दाबला.

मंगळवारी दुपारी तिने तिघांनाही वाचनालयात बोलावलं. पुस्तक टेबलावर ठेवलं होतं. मास्तर हाताची घडी घालून उभे होते, आणि कान्यशायचे डोळे रडून सुजले होते.

"ज्याने हे कापलं त्याला सतराव्या पानाची रीत माहीत होती," उमसुनाय म्हणाली. "मास्तरांना माहीत आहे, कान्यशायला आहे, बुरमा एजेंना आहे. इथवर गावाचं बरोबर. पण या पुस्तकाच्या सतराव्या पानावर शिक्का कधी नव्हताच. तिथे खुराचं चित्र होतं. नसलेला शिक्का कोणी कापेल का?"

तिने पुस्तक सतराव्या पानावर उघडून ठेवलं.

"मास्तरांना ठाऊक होतं, की तंबूतल्या पुस्तकांवर तो शिक्का नसतो. कान्यशायने तर पानन् पान बघितलं होतं. आणि माहीत नसतं, तरी कापताना दोघांनाही दिसलंच असतं. म्हणजे ज्याने कापलं त्याला दिसत नव्हतं. पहिल्या पानावरचा शिक्काही म्हणूनच अर्धा राहिला. मी आणि केंजेबेक त्याला घाई समजत होतो. पण घाईतला माणूस पानं मोजत बसत नाही. ही पानं बोटांनी मोजली आहेत."

केंजेबेक बुरमा एजेंकडे बघत राहिला. नाकासमोर धरलेलं ते पान त्याला आठवलं असणार.

"तुम्ही चहा बोटाने मोजता, एजे," उमसुनाय हळू आवाजात म्हणाली. "केंजेबेक समोर असून तुम्हाला ओळखता आला नाही. डोळे किती दिवसांपासून गेलेत?"

बुरमा एजेंनी हातातली काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"दोन वर्षं झाली. धूसर दिसतं," त्या अखेर म्हणाल्या. "सांगितलं असतं, तर उद्या हीच मला हात धरून आणायला लागली असती. मला तिचा हात नको होता. तिची खुर्ची जावी असं वाटलं. हो, वाटलं. शिक्के कापले की आळ हिच्यावरच येणार, हे मला कळत होतं. बटाटे घ्यायला गेले, तेव्हा पुस्तक रद्दीवाल्याच्या पोत्यात सोडलं."

कान्यशाय त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मी काय केलं होतं तुमचं?"

"त्या पत्रिकेवर..."

"पत्रिकेवर कोण आहे, ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?"

"वाचायला कशाला हवं? बाईचा फोटो आहे एवढं कानावर आलंय. दुसऱ्या कोणाचा छापशील तू?"

कान्यशायने पत्रिका उचलली. "घोड्यावरची बाई आहे, एजे. जिल्ह्याच्या जुन्या वर्तमानपत्रात मिळाली. कुरणांवर पुस्तकं घेऊन जायची."

बुरमा एजेंनी मान वर केली. "घोडा कसला?"

"पांढऱ्या कपाळाचा."

"पांढऱ्या कपाळाचे पुष्कळ असतात." त्यांची बोटं टेबलावर पुस्तक शोधत होती. ते सापडलं तशी त्यांनी कापलेल्या कोपऱ्यावर हात ठेवला. "पिशवी कुठल्या बाजूला आहे? सगळे उजवीकडे लावायचे."

"डावीकडे आहे."

"मग मीच," बुरमा एजे म्हणाल्या, आणि त्यांनी पत्रिकेसाठी हात पुढे केला.

बुधवारी जिल्ह्याचे साहेब आले. हे पुस्तक कोणी कापलं, असं त्यांनी कान्यशायकडे बघून विचारलं. तिने तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतली म्हातारी काठी टेकत उभी राहिली आणि म्हणाली, "मीच."