मैमुनाच्या कुंडीतली पाच पाती

भागोजीच्या रिक्षात आजवर कोंबड्या बसल्या, फणस बसले, एकदा तर रुसलेला नवरदेव बसला होता. पण मांडीवर कुंडी घेऊन, त्या कुंडीकडं चुकूनही न बघणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली. राजिवड्यापासून शिरगावपर्यंत मैमुना एक अक्षर बोलली नाही.

रिक्षा गोदाच्या अंगणात थांबली. गोदानं तीस वर्षं नर्सरीत आंब्याची कलमं बांधली. आता हात थांबले, पण नजर काही थांबेना. कुणाची बकरी हरवली, कुणाची नथ गेली, की लोक पोलिसांआधी तिच्याकडं येत. भागोजी त्यांना आणून सोडायचा आणि पुढचं गिऱ्हाईक विसरून तिथंच ऐकत बसायचा.

मैमुनानं कुंडी पायरीवर आपटली.

"गोदा, हे काय आहे ते सांग. नाय तर संध्याकाळी खाडीत सोडते."

कुंडीत पाच पाती उभी होती. वीतभर, अरुंद, ताठ. सगळी एका ओळीत.

"कुणी लावलं?"

"तेच तर कळत नाय. मोगरा मेला तशी कुंडी ओटीवर रिकामी पडून होती. शेजारीण म्हणते, करणी आहे. माझ्या निदाच्या फोननं फोटो बघून तीन नावं सांगितली. एक लिली, एक बांबू, तिसरं तर तिलाच वाचता आलं नाय. आता ती म्हणते, गवत आहे अम्मा, राहू दे. मी म्हणते, गवत आहे तर राहू दे कशाला?"

"भात आहे," भागोजी म्हणाला.

"भाताला एवढा ताठा असतो काय, मेल्या?" गोदा म्हणाली. "तो तुझ्यासारखा वाकतो."

गोदानं पात्यावरून नख फिरवलं. पान मधोमध दुमडलेलं, आणि अंगभर चुण्या, मिटलेल्या पंख्यासारख्या. ती स्वतःशीच हुं म्हणाली.

"घरी कोण कोण असतं?"

"मी नि माझी लेक, निदा. शाळेत शिकवते, दहाला जाते ती पाचला येते. शेजारी माझा थोरला भाऊ, सुलेमान."

"आणि उमेर?"

मैमुनानं डोक्यावरची ओढणी ओढून घेतली. "लेकाचं नाव नको काढू. बापाची होडी विकली नि मस्कतला गेला. चार वर्षं झाली. मी सांगितलं होतं, माझे डोळे उघडे आहेत तोवर या ओटीवर पाय ठेवू नको. नाय ठेवला. बापासारखाच, शब्दाचा पक्का." शेवटचं वाक्य तिला जड गेलं.

"डोळ्यांना आता नीट दिसतं ना? मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं?"

"जानेवारीत. डोळा लाल झाला म्हणून डॉक्टरनी पाच दिवस पट्टी ठेवली. दुसऱ्या डोळ्यानं तर मला माणूस नि माड सारखाच दिसायचा. दुपारचे थेंब भाईनं घातले. काय हलका हात गो त्याचा. एक थेंब गालावर आला नाय."

गोदा उठली. "भागोजी, गाडी काढ. कुंडी पायात घे, सांडू नको."

ते मैमुनाच्या घरी पोचले. रविवार होता, निदा घरीच होती. सुलेमान ओटीवर चहा पीत बसला होता. पीत कसला, कप बशीवर खडखडत होता आणि निम्मा चहा लुंगीवर.

"वय झालं," तो ओशाळून म्हणाला. "दोन वर्षं झाली, हात ऐकत नायत. जाळं शिवणं सोडलं."

"कुंडीत काय लावलंस, सुलेमानभाई?"

"मी दर्यावरचा माणूस. मातीतलं मला काय कळतं?"

"मग पाणी कोण घालतं?"

सुलेमाननं निदाकडं पाहिलं. निदानं जमिनीकडं.

"मीच घालते," निदा म्हणाली. "वाळलं तर... म्हणजे, गवत का असेना."

"गवताला रोज पाणी? तुझ्या अम्माच्या मोगऱ्याला घातलं असतंस तर तो जगला असता."

भागोजीला वाटलं, चोर सापडला. पण चोरलंय काय, तेच त्याला उमगेना.

गोदानं केसांतला आकडा काढला आणि एका पात्याच्या बाजूची माती हळूच उकरली. आत एक बी निघाली. लांबट, तपकिरी, अंगावर उभी खाच. बीपासून पात्यापर्यंत पांढरी नाळ गेलेली.

"खजूर," भागोजी म्हणाला. मग त्याला जोर चढला. "मग त्यात काय एवढं? रोज्यांत कुणीतरी खाऊन बी टाकली असेल."

"ईद होऊन महिना झाला. खजुराची बी माती फोडायलाच महिना-दीड महिना घेते. हे पातं वीतभर आहे, म्हणजे बी थंडीतली. आणि टाकलेली बी वाटेल तशी पडते. ह्या बघ, एका ओळीत, दोन-दोन बोटं सोडून. हातानं खोचल्यात. किती?"

"पाच."

"मैमुना, थंडीत तुझ्या घरी पाच दिवस काय चाललं होतं?"

"माझी पट्टी."

"दुपारी निदा शाळेत. थेंब घालणाऱ्याचा हात हलका, गालावर एक थेंब नाय. आता तुझ्या भावाची लुंगी बघ."

मैमुनानं बघितलं. चहाचा डाग ओला होता.

"तो हात सुलेमानचा नव्हता," गोदा म्हणाली. "खजूर खिशात घेऊन फिरणारा, निदा नि सुलेमान ज्याच्यासाठी गप्प बसतील असा माणूस कोण? तू त्याला म्हणालीस, डोळे उघडे आहेत तोवर पाय ठेवू नको. त्यानं शब्द पाळला गो. तुझे डोळे बंद होते तेव्हा आला."



मग निदा बोलायला लागली ती थांबेना. "उमेरला पाचच दिवसांची रजा होती, अम्मा. मामूकडं झोपायचा. आवाज ओळखशील म्हणून तुझ्याजवळ तोंड उघडलं नाय. रोज थेंब घातले की इथं बसून एक खजूर खायचा, बी कुंडीत खोचायचा. म्हणाला, अम्माला सांगू नको. उगवलं तर तिचं तिला कळेल."

मैमुना भावाकडं वळली. "भाई, तू माझ्याशी खोटं बोललास?"

"तू विचारलंस कधी? हात माझा आहे असं तूच ठरवलंस. मी म्हटलं, म्हातारपणी कौतुक होतंय तर होऊ दे."

मैमुना कुंडीजवळ बसली. गोदानं उकरलेली माती तिनं परत त्या नाळेवर लोटली आणि तळव्यानं दाबली. खाडीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

"कोकणात खजूर धरतो काय गो?" भागोजीनं गोदाला हळूच विचारलं.

"नाय धरत. पावसात कुजतो. तू गप बस."

"निदा, फोन लाव," मैमुना म्हणाली.

पलीकडं बराच वेळ वाजत राहिलं. मग आवाज आला. "निदा? अम्मा बरी आहे ना?"

"बरीच आहे," मैमुना म्हणाली. "एका कुंडीत पाच मावत नायत. ये आणि परसात लाव."

पलीकडून अगदी लहान आवाजात, "आणि ओटी?"

"शब्द मी मोडायची नाय. तू आलास की मी डोळे मिटून घेते. चढ ओटीवर. मग उघडते."