चकचकीत मोरीचं कोडं

हातभर उंचीचा धबधबा उडी मारून चढणारा मासा सपाट, स्वच्छ वाटेवर का हरावा? निवेकोंड गावात पाचवीत शिकणाऱ्या अक्षदा शिगवणला त्या पावसाळ्यात या कोड्याने पुरतं पछाडलं होतं.

गावाजवळून एक वहाळ (डोंगरातून येणारी लहान नदी) वाहतो. त्याच्या वरच्या अंगाला देवीचा कोंड, म्हणजे खोल डोह आहे. त्यातले खडस मासे देवीचे मानलेले. त्यांना कुणी पकडत नाही, उलट चुरमुरे घालतात. पावसाळ्यात हे मासे खालच्या मोठ्या नदीतून वर चढतात आणि कोंडातल्या गोट्यांमध्ये अंडी घालतात. खाली नदीत गाळ फार, तिथे अंडी गुदमरतात.

आठ वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला आणि वहाळावर नवी मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट) बांधली गेली. तेव्हापासून कोंडातले मासे दरवर्षी कमी होत होते. यंदा जेमतेम चौदा उरले होते, तेही म्हातारे. मोरीच्या खालच्या तोंडाशी मात्र तीसेक मासे नुसते घुटमळत होते. अंडी घालायचा हंगाम सरायला दहा दिवस राहिले होते. हे तीस वर पोचले नाहीत, तर कोंडात यंदाही एकही पिल्लू दिसणार नव्हतं.

अक्षदाने हे आबांना सांगितलं. आबा म्हणजे तिचे आजोबा, पाण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ. ते फार कमी बोलत, आणि बोललेलंही ‘पण माझं चुकतही असेल’ असं म्हणून निम्मं मागे घेत. या खेपेला माळ्यावरची पेटी उतरवून त्यांनी खवल्याला बाहेर काढलं.

खवल्या हा बोलणारा यंत्रमासा. हातभर लांब, रबरी शेपटीचा, पोटात पाण्याचा वेग मोजणारं साधन असलेला. आबांनी त्याला मुद्दामच खऱ्या खडसाएवढीच ताकद दिली होती. जास्त दिली असती, तर त्याच्याकडून माशांची अडचण कधी कळलीच नसती.

सकाळी दोघांनी त्याला मोरीत सोडलं. मोरी बारा मीटर लांब होती. खवल्या जोरात निघाला, अर्ध्यालाही पोचला नाही आणि उलटा वाहत येऊन अक्षदाच्या पायाशी थडकला.

“दम संपला,” तो म्हणाला. “पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर. माझा अडीच. दहा सेकंदांनंतर मला जमत नाही.”

आबांनी अक्षदाच्या हातात पाटी दिली. ती मोठ्याने विचार करू लागली. मासा अडीच मीटर पुढे जातो, पाणी त्याला दोन मीटर मागे ढकलतं. म्हणजे सेकंदाला फक्त अर्धा मीटर. दहा सेकंदांत पाच मीटर. आणि मोरी तर बारा मीटरांची.

“पण धबधब्यावर पाणी याहून जोरात असतं,” ती म्हणाली.

आबांनी तिला मोरीच्या खालच्या अंगाला असलेल्या धबधब्यापाशी नेलं आणि नुसतं बघायला सांगितलं. एक मासा उडाला, कातळाच्या खळग्यात पडला आणि तिथेच थांबला. थोड्या वेळाने पुन्हा उडाला. अक्षदाच्या लक्षात आलं, की तो एका दमात चढतच नव्हता. प्रत्येक दगडामागे पाणी संथ होतं आणि मासा तिथे विसावा घेत होता.

मग मोरीत काय वेगळं? आबांनी घर्षण (दोन वस्तू घासल्या, की गतीला होणारा अडथळा) समजावलं. खडबडीत तळाला पाणी घासतं, अडखळतं, हळू होतं. गुळगुळीत तळावर त्याला अडवणारं काही नसतं, ते सुसाट निघतं.

निवेकोंडची मोरी तर आरशासारखी होती. देवीच्या माशांची वाट म्हणून गावाने तिच्यात देवळासारखी फरशी घातली होती. पाणी कमी असलं, की दर सोमवारी जनाकाकी आणि आणखी चार बायका आत उतरून शेवाळ घासून काढत. ती त्यांची सेवा होती.

“फरशी मीच सुचवली होती,” आबा खाली बघत म्हणाले. “मासे खरचटू नयेत म्हणून. आता पुन्हा काही सुचवायचं तर भीती वाटते.”

अक्षदाने त्यांचा हात धरला आणि त्यांना थेट जनाकाकीच्या अंगणात नेलं. आबांनी सगळं सांगितलं, आपली चूकही. काकीने सुपातले तांदूळ बाजूला ठेवले.

“आठ वर्षं मोरी घासून घेतलीत, आबा. माझी न्हाणीसुद्धा एवढी चकचकीत नाही.” मग ती उठली. “आता सांगा, घाण कशी करायची?”

दगड किती अंतरावर ठेवायचे, ते अक्षदाने काढलं. एका दमात पाच मीटर. दमलेल्या माशासाठी थोडी सवलत धरून तीन-तीन मीटरांवर. आबांना वाटलं, दगडांनी पाणी तुंबून रस्त्यावर येईल, म्हणून त्यांनी मोरीची निम्मीच रुंदी वापरायला लावली. बायकांनी काथ्याच्या जाळ्यांत दगड बांधले. पंचायतीचं सहा पायांचं यंत्र, ज्याला सगळे खेकडा म्हणत, ते पाण्यात उतरलं आणि त्याने दगड एकदा डावीकडे, एकदा मध्ये असे बसवले. जाळ्या त्याने तळाला पक्क्या अडकवल्या.

दोन दिवस एकही मासा आत शिरला नाही. आबा जेवायलाही नीट बसेनात.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक खडस आत आला. पहिल्या दगडापर्यंत जोर लावून, मग त्याच्या आडोशाला. कल्ले हलत राहिले. मासा निघाला, दुसऱ्या दगडाशी थांबला, मग तिसऱ्याशी. वरच्या तोंडातून बाहेर पडला तेव्हा त्याची पाठ उन्हात चमकली. त्याच्यामागे आणखी दोन आले.

हंगाम सरेपर्यंत खवल्याने सव्वीस मासे मोजले. चार खालीच राहिले, का ते आबांनाही सांगता आलं नाही.

महिन्याभराने कोंडाच्या कडेच्या उथळ पाण्यात नखाएवढी पिल्लं दिसू लागली. जनाकाकीने चुरमुरे बोटांनी चुरून बारीक केले, कारण अख्खा चुरमुरा त्यांच्या तोंडात मावत नव्हता. अक्षदा गुडघ्यावर नकाशा पसरून बसली होती. निवेकोंडपासून खाडीपर्यंत वहाळांवर एकोणीस मोऱ्या होत्या. निवेकोंडच्या नावासमोर तिने खूण केली आणि पुढच्या मोरीच्या गावाला एसटी किती वाजता जाते, ते आबांना विचारलं.