एल्सेकच्या बुरुजावर

लोथारला रविवारी घरात बसवत नाही. द्राक्षतोडणी उरकली, पिंपं तळघरात गेली की तो बूट चढवून दारात उभा. "चल हेडविग, ऊन पडलंय." मग आम्ही निघायचो. आमच्या या ऱ्हाइनच्या खोऱ्यात डोंगराच्या प्रत्येक नाकाडावर एक किल्ला बसलेला. एका रविवारी किल्ला, पुढच्या रविवारी नदीचं वळण दिसेल असा एखादा पॉइंट. येताना कुठल्यातरी खानावळीत कांद्याचा केक आणि नवी, अजून फसफसणारी वाइन. लग्नानंतर पहिल्या शरदात मला वाटलं, किती हौशी नवरा मिळाला.

मी त्याची दुसरी बायको. पहिली रोस्विता. न्यूमोनियानं गेली, मी इथं यायच्या कितीतरी आधी. तिचे फोटो, कपडे, सगळं लोथारनं स्वतःच आवरून टाकलं होतं. घरात ती कुठंच नव्हती. ती बाहेर होती. किल्ल्यांवर होती.

कुठल्याही पॉइंटवर गेलं की लोथार बाकाच्या एका कडेला बसायचा आणि मी शेजारी बसले की किंचित दचकायचा. खानावळीतली म्हातारी म्हणायची, "खिडकीपाशी बसा, रोस्विताला तीच जागा आवडायची." एकदा मी म्हटलं, "इथून नदी अगदी चाकूच्या पात्यासारखी दिसते, नाही?" लोथार हसला. "रोस्विताही हेच म्हणायची." बस्स. जिवंत सवतीशी भांडता येतं, तिच्या झिंज्या उपटता येतात. हिचं काय उपटणार?

माझी नणंद इर्मा स्पष्ट बोलणारी. "मेलेल्या बाईशी शर्यत लावून कोण जिंकलंय गं?" ती म्हणाली. "ती म्हातारी होत नाही, तिला सर्दी होत नाही, तिची भाजी कधी करपत नाही."

"मला शर्यत नाही लावायची, इर्माताई. मला फक्त एक जागा हवीय, जिथं ती गेलेली नाही."

तेच मी त्या रात्री जेवताना लोथारला म्हटलं. त्यानं सुरीनं पावावर लोणी फासलं. मग म्हणाला, "एल्सेकचा बुरूज. पलीकडच्या काठावर. जिना ढासळला होता म्हणून मी लहान असल्यापासून बंद होता. यंदा नवा लोखंडी जिना बसवून उघडलाय."

"ती तिथं नक्की गेली नव्हती?"

"कुणीच गेलं नव्हतं."

मला इतका आनंद झाला की मी केस धुतले, निळा कोट काढला. लग्नाला निघावं तशी निघाले.

नोव्हेंबर होता. दुपारी कुर्टच्या फेरीबोटीनं पलीकडे गेलो. द्राक्षमळ्यांतून चढताना शाळेच्या पाटीचा काळा दगड पायाखाली किणकिणत होता. कुजलेल्या पानांचा आणि ओल्या राखेचा वास. अर्ध्या वाटेत धुकं आलं. खालून, नदीतून, दूध उतू यावं तसं वर चढत आलं. बुरुजाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा खाली नदी नव्हती, गाव नव्हतं. समोरचा डोंगर तेवढा धुक्यातून काळा वर आलेला. कुठंतरी खोल एका मालबोटीचं इंजिन धडधडत होतं.

नजारा काहीच नव्हता. पण जागा माझी होती. मी लोथारचा हात धरला. "इथं मी पहिली," मी म्हटलं. तोही हसला, मोकळा हसला. आमच्या खोऱ्यात हाकेला डोंगर उत्तर देतो, हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक. मी कठड्याला टेकले आणि सगळा दम लावून हाक मारली,

"लोथाऽर!"

थोडा वेळ काहीच नाही. मग पलीकडून आली.

"लोथाऽर..."

माझी हाक चढी होती. ही सावकाश आली, जराशी घोगरी, शेवटी लाडानं लांबवलेली. थंडीनं आवाज असा बदलत असेल, मला वाटलं. मी लोथारकडं वळले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"परत मार," तो म्हणाला.

"काय?"

"हाक मार ना... परत."

मी मारली. पुन्हा तोच घोगरा, लाडिक आवाज. लोथारचे ओठ थरथरले. असा तो माझ्यासाठी कधी थरथरला नव्हता. मला कुणी सांगायची गरज उरली नाही. बाईला अशा गोष्टी आपोआप कळतात.

"आणखी एकदा, हेडविग... एकदाच."

माझ्या अंगाचा भडका उडाला. इथंसुद्धा? या धुक्यात, या दगडांवर, जिथं तिचं पाऊल पडलं नव्हतं, तिथंसुद्धा? मी समोरच्या डोंगरावर ओरडले, "हेडविऽग!" स्वतःचंच नाव. ते परत आलं नाही. मालबोटीचं इंजिनही थांबलं होतं.

"आता तू मार," मी लोथारला म्हटलं. "माझ्या नावानं मार. बघू दे मला."

तो कठड्याशी गेला. तोंडाभोवती हात धरले. छाती भरून श्वास घेतला.

"रोस्विताऽ!"

डोंगर गप्प राहिला. धुक्यातून काही आलं नाही. पण हाकेला ओ मिळाली.

"ओऽ..."

घोगरी, सावकाश. ती आली माझ्या घशातून.

मी तोंड दाबून धरलं. लोथार वळला आणि माझ्याकडं पाहत राहिला. तो भ्यायला नव्हता, हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

उतरताना मी एक शब्द बोलले नाही. काठावर कुर्ट दोर सोडत होता. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "हळू हं कुर्ट, फळी ओली आहे." त्याच्या हातातून दोर पाण्यात पडला. माझ्याकडं न बघता त्यानं छातीवर क्रूस काढला आणि पलीकडे पोचेपर्यंत पाठ फिरवून उभा राहिला.

तुम्ही मला आजच भेटताय, म्हणून हा आवाज तुम्हाला माझाच वाटतोय. डॉक्टर म्हणतात, थंडीनं घसा सुजला, उतरेल. इर्मा मात्र आमच्याकडं येईनाशी झाली.

आणि लोथार? त्याच्याइतका प्रेमळ नवरा या काठावर नसेल. संध्याकाळी माझ्यापाशी बसतो. "वर्तमानपत्र वाच ना गं," म्हणतो. मी वाचते, आणि तो डोळे मिटून ऐकतो. मी थांबले की डोळे उघडतो, मला बघतो, आणि त्याचा चेहरा पडतो. सवतीचा मत्सर मी समजू शकते. पण आपल्याच गळ्याचा मत्सर कसा करायचा, सांगा. मी काही दिवस मौन धरून पाहिलं. तो जेवेना. "बोल ना, नुसतं हो म्हण," असं लहान मुलासारखं म्हणत राहिला. शेवटी मलाच राहवलं नाही. हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात त्याला न सांगता मी एकटीच एल्सेकला गेले. भरदुपारी, लख्ख उन्हात. सगळी नदी दिसत होती. त्या उसन्या आवाजात मी हाक मारली, "हेडविऽग!"

समोरच्या डोंगरातून, खूप खोलातून, ओ आली. चढी, घाबरलेली. माझी.

मी पुष्कळ वेळ हाका मारल्या. ती दर वेळी आणखी लांबून ओ देत गेली. मग आलीच नाही.

आज सकाळी ओट्याशी बटाटे सोलत होते. लोथार दारात येऊन उभा राहिला आणि नुसता बघत राहिला, तोंडाकडं नाही, हाताकडं. या खेपेला त्यानं डोळे मिटले नव्हते. मी खाली पाहिलं. सुरी माझ्या डाव्या हातात होती, आणि साल एकसलग, कुठंही न तुटता खाली लोंबत होती. मी उजव्या हाताची आहे. रोस्विता कुठल्या हाताची होती, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.