पॉइंट पाच आठ

टोपी नाकापर्यंत ओढून मी दुकानात शिरले. काउंटरमागे नेमका फर्गस! आठवड्यापूर्वी धुक्यात मला शोधत फिरलेल्या बचाव-बोटीवर रेडिओ सांभाळणारा.

"कयाक होडीसाठी जीपीएस हवंय," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"सर्दी झाली का... ब्रोनी?"

कान तापले. टास्मानियातलं आमचं गाव एवढंसं, आणि अख्खं हसत होतं – ब्रोनीनं रेडिओवर आपल्या जागेचे आकडे चुकीचे सांगितले, बोट पाऊण किलोमीटर भलतीकडे गेली! बेकरीवाली मॉरीन तर रोज विचारायची, "घरचा रस्ता सापडला का गं?" काय सांगणार? माझं जुनं जीपीएस समुद्राच्या तळाशी...

फर्गसनं दोन यंत्रं मांडली. "हा मोठा टचस्क्रीन मोटरबोटीला ठीक. पण ओल्या बोटांचं ऐकत नाही. तू हे बटणांचं घे. हातमोजे घालूनही दाबता येतं. पडलं तर तरंगतं."

"आणि आकडे वाचून दाखवतं? मला जमत नाही म्हणे."

तो हसला नाही. "त्या दिवशीचे सांग ना..."

"त्रेचाळीस अंश, बारा पॉइंट पाच आठ मिनिटं." झोपेतही आले असते.

त्यानं खिशातून चुरगळलेला कागद काढला. त्याचंच अक्षर – बारा मिनिटं, अठ्ठावन्न सेकंद.

"रेडिओच्या खरखरीत तुझा 'पॉइंट' गिळला गेला, आणि पाच-आठला मी सेकंद समजलो. चूक माझी. दुसऱ्याच दिवशी कळलं, पण... सांगायला तोंड नव्हतं."

"म्हणजे आठवडाभर मी तोंड लपवत फिरले, आणि तू बघत होतास?"

"रोज. या खिडकीतून."

डोळे भरले. रागानं... आणि मेली छातीही धडधडत होती! मी तरातरा दाराकडे निघाले.

मागे रेडिओ खरखरला. दुपारचं हवामान फर्गस इथूनच सांगतो, त्याची वेळ. तेव्हा सगळ्या बोटी, सगळी स्वयंपाकघरं कान लावून असतात.

"फर्गस बोलतोय. ब्रोनीनं आकडे बरोबरच दिले होते. मी चुकीचे लिहिले, वर गप्प बसलो. हसायचं तर मला हसा." मग हळूच, "ब्रोनी, जाऊ नकोस ना... फार आवडतेस गं तू मला."

मग कुठे त्याचा अंगठा माइकच्या बटणावरून उठला. लगेच रेडिओवर मॉरीन कडाडली, "बटण सोडायचं राहिलं होतं रे, गाढवा! आणि वारा किती आहे?"

फर्गस कानापर्यंत लाल. माइक तसाच हातात.

मी परत आले. त्याच्या हातून माइक काढून घेतला.

"ब्रोनी बोलतेय. वाऱ्याचं तोच सांगेल. मी अजून रागावलेलीच आहे..." मी टोपी मागे सारली. "पण हरवलेली नाही. इथेच आहे – त्याच्याजवळ."