रिकामं खोगीर

श्रीपादरावांचं वर्षश्राद्ध दुसऱ्या दिवसावर आलं होतं. राइट टाउनमधल्या घराच्या ओट्यावर त्यांची बायको ज्योती देवघरातले चांदीचे टाक चिंचेने घासत बसली होती. मुलगा अनिमेष नागपूरहून बाइकने निघाला होता; अंधाराच्या आत पोचतो म्हणाला होता. धाकटा दीर शशिकांत समोर चहा पीत होता.

“वहिनी, हा टाक कोणाचा?”

“खंडोबाचा, भाऊजी. पेटीत पडला होता. गेल्या वर्षी दिवाळीत मीच देवात ठेवला.”

शशिकांतने टाक हातात घेतला आणि हसला. “खंडोबा काहून असेल? म्हाळसा कुठाय, कुत्रा कुठाय? हा तर मी दादासाठी ताश्कंदहून आणलेला. तिकडच्या फार जुन्या चांदीकामाची नक्कल. पायघोळ चिलखत पाहा, पाय रिकिबीविना लोंबताहेत. वर्षभर परक्या शिपायाला भंडारा वाहून राहिल्या तुम्ही!”

ज्योतीलाही हसू आलं. वर्षात पहिल्यांदाच.

मग शशिकांतने टाक डोळ्यांजवळ नेला. चिंचेने हळदीचा थर निघाला होता. भालेवाल्या स्वारामागे दोन घोडे होते.

“मी आणला तेव्हा... मागचे दोन्ही घोडे रिकामे होते, वहिनी.”

आता पहिल्यावर कोणीतरी बसलं होतं. चेहरा नव्हता, पण डावा खांदा उतरलेला होता. शाळेच्या वह्यांची पिशवी वागवून श्रीपादरावांचा खांदा तसाच उतरला होता. त्याच दिवाळीनंतरच्या थंडीत, हातात चहाचा कप असताना, ते गेले होते.

दुसरं खोगीर रिकामं होतं.

ज्योतीने अनिमेषला फोन लावला. नुसता वाजत राहिला.

पूजलेला टाक नुसता काढून ठेवता येत नाही, वाहत्या पाण्यात सोडावा लागतो. शशिकांतच्या स्कूटरवर दोघं तिलवारा घाटावर आली तेव्हा उन्हं उतरली होती. कुजक्या फुलांचा वास येत होता. पदरात गुंडाळलेला टाक तिच्या तळहाताला जनावराच्या अंगासारखा ऊबदार लागत होता. तिने तो नर्मदेत सोडला. साधा बुडबुडाही आला नाही. थोड्या वेळाने वर पुलावरून टापांसारखा आवाज गेला.

“ट्रक असेल...” शशिकांत हळूच म्हणाला.

अंधार पडेपर्यंत ज्योती पायरीवर बसून अनिमेषला फोन लावत राहिली.

घरी परतली तर अंगणात अनिमेषची बाइक होती. तो दारातच उभा होता. ज्योतीने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला आणि तिला रडू फुटलं.

“अगं, काय झालं, आई? फोन बॅगेत होता, ऐकू नाही आला.” मग शशिकांतकडे वळून तो म्हणाला, “काका, फाटकापाशी घोडा कोणाचा आहे हो?”

फाटकापाशी त्या दोघांना काहीच दिसलं नव्हतं.

“तिलवाऱ्याच्या पुलापासून मागे लागला. मी थांबलो की तोही थांबे. पूर्ण ओला आहे. खोगीर आहे, वर कोणी नाही... गरीब दिसतो बिचारा. जवळ गेलो तर गुडघे टेकून बसला.”

“हात लावलास?” ज्योतीने विचारलं.

“मानेवर थोपटलं फक्त.”

त्याने तळहात पुढे केला. त्यावर ओली हळद होती.