मंगळावरची आत्या आणि कोरं पान

कस्तुरीने एकोणिसाव्यांदा बटण दाबलं आणि पडदा एकोणिसाव्यांदा कोराच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, एक पान उघडत नाही, त्यात एवढं काय? सांगते. अकरा वर्षांची कस्तुरी घोडके तीन महिन्यांपूर्वी आईबाबांबरोबर मंगळावरच्या वसाहतीत राहायला आली होती. इकडे पृथ्वीवर, धुळ्याला, तिच्या दादाला मुलगी झाली. आज बारसं होतं. बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि या बाळाला आत्या एकच. दादाने फोटो घालून इंटरनेटवर बाळाचं एक पान केलं आणि त्याचा पत्ता पाठवून दिला, कारण कस्तुरीने ठणकावून सांगितलं होतं, ‘तोंड बघितल्याशिवाय मी नाव ठेवणार नाही.’ घोळ असा, की संध्याकाळी पाच वाजता सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मधे येणार होता. मग दोन आठवडे निरोप जाणार नाही की येणार नाही. आणि तीन तर आत्ताच वाजले होते.

ती रडवेली होऊन, हातातला पडदा तसाच घेऊन संदेशकक्षात धावली. तिथे शकूमावशी असत. तीस वर्षं त्यांनी ग्रहाग्रहांमधले निरोप सांभाळले होते.

“कितीदा दाबलंस बटण?” त्यांनी विचारलं.

“एकोणीस वेळा. दीड वाजल्यापासून.”

“उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग,” मावशी म्हणाल्या. “अगं, तू परत बटण दाबलंस की ब्राउझर (पानं मागवून आणणारा आणि दाखवणारा प्रोग्रॅम) आधीची मागणी सोडून देतो आणि नव्याने मागतो. आधीचं उत्तर मग आलं तरी तो घेत नाही. पृथ्वीवर ही सवय खपून जाते, तिथे उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. इथून पृथ्वीपर्यंत पोचायला आत्ता प्रकाशालाच बावीस मिनिटं लागतात. यायला आणखी बावीस.”

कस्तुरीचा चेहरा उतरला. “म्हणजे बाळाला मीच एकोणीस वेळा दारातून परत पाठवलं?”

“अठरा वेळा. एकोणिसावी मागणी अजून वाटेत आहे. आता हात मागे घे आणि इथे बस.”

ती हातावर हात दाबून बसली. पण गप्प बसेल ती कस्तुरी कसली. “मागणी जाते कुणाकडे?”

“तू लिहिलेला पत्ता माणसांच्या सोयीचा. यंत्रांना आकडा लागतो. कुठल्या पत्त्याचा आकडा कुठला, याची यादी आपल्या वसाहतीतच आहे, म्हणून ते काम इथल्या इथे झालं. मग त्या आकड्याच्या सर्व्हरकडे (पानं सांभाळून ठेवणारा, मागेल त्याला देणारा संगणक) निरोप निघाला, ‘हे पान द्या.’ तो आता सूर्याच्या बाजूने चाललाय.”

कस्तुरीने खिडकीतून आकाशात पाहिलं. तिथे काहीच दिसत नव्हतं. तिच्या बाळासाठी काहीतरी त्या रिकाम्या आकाशातून चाललंय, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

तीन चव्वेचाळीसला पडद्यावर अक्षरं उमटली. साधी, काळी, एकाखाली एक. ‘आमची मुलगी. वजन दोन किलो नऊशे. नाव आत्या सांगेल.’ खाली एक रिकामी चौकट होती.

“फोटो कुठाय?” कस्तुरीचा जीव टांगणीला लागला.

“सर्व्हरने आधी फक्त मजकूर दिला, आणि त्यात खुणा. हे शीर्षक, ही ओळ, इथे फोटो, रंगरूपाच्या सूचना तिथे. त्या खुणा वाचल्यावर ब्राउझरला कळलं, अजून काय काय लागणार ते. ते त्याने आत्ता मागितलंय.”

“म्हणजे परत चव्वेचाळीस मिनिटं?”

“परत चव्वेचाळीस.”

कस्तुरी मनात हिशोब करू लागली. पृथ्वीवर तिने अशी हजारो पानं उघडली असतील. दर वेळी पत्ता शोधणं, मागणं, वाचणं, पुन्हा मागणं, सगळं झालं होतं, आणि तिला कधी पत्ताही लागला नव्हता. “एवढं सगळं रोज चालायचं?” तिने हळूच विचारलं.

“क्षणाक्षणाला. मलाही अजून नवल वाटतं बघ,” मावशी म्हणाल्या.

चार अठ्ठावीसला रंग आले. अक्षरं मोठी होऊन मधोमध सरकली. ब्राउझरने कुठली गोष्ट कुठे बसते त्याचं माप काढलं आणि पान रंगवलं. मग फोटो आला, पण पट्ट्यापट्ट्यांनी. पॅकेटं (माहितीचे छोटे तुकडे) कशीही मागेपुढे येत होती आणि ज्याच्या त्याच्या क्रमांकाप्रमाणे जागेवर बसत होती. कपाळ आलं. मिटलेली मूठ आली. जांभई देणारं तोंड आलं. मधली पट्टी मात्र कोरीच राहिली, नेमकी डोळ्यांची.

“एक पॅकेट वाटेत हरवलं,” मावशी म्हणाल्या. “परत मागितलंय, पण त्याला यायला पाच वाजून बारा मिनिटं होतील.”

तोवर सूर्य मधे आलेला असणार. कस्तुरीने त्या जांभईकडे पाहिलं. घरी पाळण्याभोवती सगळे तिष्ठत असतील, वहिनी, दादा, शेजारपाजारचे.

“डोळे दोन आठवड्यांनी बघीन,” ती म्हणाली. “तिला नाव आज हवं.” मग तिने घाबरत विचारलं, “पण माझंच पॅकेट हरवलं तर?”

“म्हणून हा निरोप पाच वाजेपर्यंत आपण पुन्हा पुन्हा पाठवायचा. इथे तुझा उतावळेपणा चालेल.”

चार छत्तीसला कस्तुरी माईकवर वाकली. मावशींनी तोंड दुसरीकडे फिरवलं. “कुर्र,” असं म्हणून कस्तुरीने नाव कुजबुजलं आणि पाठवायचं बटण दाबलं. मग दर मिनिटाला दाबत राहिली, पाच वाजेपर्यंत.

काय नाव, म्हणता? थांबा थोडं. ते आधी बाळाने ऐकायचं, मग तुम्ही. पृथ्वीवरून काही उत्तर येणार नव्हतं, पण कस्तुरी आता निवांत होती. निरोप कसा जातो, कुणाला सापडतो, तुकडे कसे जुळतात, तिला सगळं ठाऊक होतं. चार अठ्ठावन्न झाले तेव्हा ती घड्याळाकडे बघून स्वतःशीच हसली.

बावीस मिनिटं झाली. आता सांगायला हरकत नाही. बाळाचं नाव रेवा.