जानवसघरातला उजेड

"मशीनपाशी माणूस कोण हाय?"

मी जनरेटरच्या ऑइलची पट्टी पुसत होते. वर बघितलं तर खाकी शर्ट, कमरेला पकड, खांद्यावर दोर... वायरमन होता. दिसायला बरा होता, हे तेव्हाच लक्षात आलं. उगाच खोटं कशाला बोलू?

"मी काय माणूस दिसत न्हाय व्हय?"

"दिसताय की. पण जनरेटरपाशी बाईमाणूस पयल्यांदाच बघतोय."

"मग बघून घ्या. तिकीट न्हाय."

तो हसला. हसू मलाही आलं, पण ते मी पट्टीबरोबर आत घातलं आणि झाकण लावलं.

ही शहाण्णव सालच्या वैशाखातली गोष्ट. लग्न कळंबला होतं, आम्ही बावड्याचे. आबांचा, म्हणजे माझे वडील झुंबर मंडपवाले यांचा, पाय मोडला होता, म्हणून त्या हंगामात जनरेटर माझ्याकडे होता. दुपारच्या वावटळीत आळीची लाइन तुटली होती. मशीन मी मंडपाबाहेर ठेवलं होतं, धूर वऱ्हाडाकडे जाणार नाही अशा बाजूला. अर्थिंगची सळई ठोकून तिच्या बुडाशी पाणी ओतलं होतं. पेट्रोलचा डबा लांब सावलीत. आबांची शिस्त कडक. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतलं म्हणून एका गड्याला त्यांनी भर मंडपातून घरी धाडलं होतं.

"नाव काय म्हणायचं?" वायरमननं विचारलं.

"कशाला?"

"फ्यूज काढून त्या समोरच्या खांबावर चढतोय. जीव कुणाच्या भरवशावर टाकला, ते ठावं नको?"

"शालन. आणि खांबावर कोण चढतंय म्हणायचं?"

"बिरू. गाव सुपं." मग त्याचा आवाज बदलला. "हे बघा, तुमच्या मशीनची वायर कुणाच्या घरातल्या बोर्डात खुपसू देऊ नका. मेन स्विच कुणी पाडत न्हाय, आन् करंट उलटा लायनीत येतो. मी वर असणार."

"ठावं हाय मला. वायर मंडपाबाहेर जायची न्हाय."

"शब्द?"

"शब्द."

तो गेला. मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले... आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागं घोटाळा झाला.

नवऱ्याकडचं वऱ्हाड समोरच्या घरात उतरलं होतं. जानवसघरात अंधार. नवऱ्याची आत्या फुलाबाई दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "पाव्हण्यांस्नी अंधारात बसिवलं व्हय ओ?" आमच्याकडे जेवणात मीठ कमी पडलेलं एक वेळ खपतं. जानवसघरात काही कमी पडलं, तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. नवरीचे चुलते म्हस्कूतात्या कासावीस झाले. त्यांनी दोन्ही तोंडांना पिना असलेली वायर शोधली, एक पिन मागच्या बाजूनं मंडपाच्या बोर्डात घातली, आणि दुसरी जानवसघरातल्या प्लगमध्ये घालायला स्वतः निघाले. सगळी आळी असंच करायची. मेन स्विच पाडायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे.

मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या. अक्षता हातोहात वाटून झाल्या होत्या. मशीनचा आवाज एकदम जड झाला, मंडपातले बल्ब जरा उतरले. मी मान वर केली. जानवसघराच्या खिडकीत उजेड होता! वर खांबावर बिरू तारेकडे हात नेत होता.

"शुभमंगल सा—" एवढ्यावर स्पीकर बंद पडला. मी मशीन बंद केलं होतं.

"हात लावू नका!" मी ओरडले आणि जानवसघरात धावले. वायर उपसून काढली आणि हाताला गुंडाळली. तोवर मंडपात कल्लोळ झाला. ऐन मुहूर्ताला अंधार, अपशकुन, कुणी आणली ही पोरगी...

"मशीन चालू कर आधी!" म्हस्कूतात्या अंगावर आले. "दोन मिंटाचा परश्न हाय!"

"तात्या, खांबावर माणूस हाय."

"अगं, पण मुहूर्त—"

"तो उतरल्याबिगर मशीन चालू व्हनार न्हाय."

आबांचं नाव बुडालं, असं वाटत होतं. त्याहून जास्त वाटत होतं की तो माणूस नीट खाली यावा. फक्त खाली यावा.

आश्चर्य म्हणजे वाट फुलाबाईनंच काढली. "भटजी, तोंडानं म्हणा की! देवानं घसा दिलाय का न्हाय?" उरलेल्या मंगलाष्टका संध्याकाळच्या उजेडात, बिनस्पीकरच्या झाल्या. लग्न लागलं. कळंबच्या पुढच्या लग्नांच्या सुपाऱ्या मात्र आम्हाला कुणी दिल्या नाहीत.

बिरू उतरला तेव्हा चेहरा पांढराफटक. "हात... वीतभर लांब होता," एवढंच बोलला. मी पाण्याचा तांब्या दिला. त्याचा हात धरावा असं फार वाटलं, पण सगळं वऱ्हाड बघत होतं. मी रिकामा तांब्या धरला.

पुढच्या आठवड्यात तो सायकलवर बावड्याला आला. म्हणाला, अर्थिंग तपासायला आलोय. सळई हलवून बघितली, वायरी बघितल्या, मशीनचा स्पार्क प्लग काढून पुसला.

"सगळं बरोबर हाय."

"ते मला ठावं हाय. आलात कशाला?"

बराच वेळ तो प्लगच पुसत राहिला. "खांबावर हुतो तवा भ्या वाटलं न्हाय. खाली आल्यावर वाटलं... तुमच्याशी बोलायचं राहून गेलं असतं, म्हणून."

मला टोमणा सुचला होता. पण मी खरं ते सांगितलं. "मलाबी तसंच वाटलं. त्या राती डोळा लागला न्हाय माझा."

"मग... आईला घिऊन येऊ?"

"या की. आधी आबांस्नी भेटा, आत हायेत. आणि एक—"

"काय?"

"हितनं पुढं तार आधी तपासायची, मगच हात लावायचा. कुणाच्या शब्दावर चढायचं न्हाय."

"तुमच्याबी?"

"माझ्याबी. मला तुमी जित्ते पायजे."

त्यानं मान हलवली, प्लग माझ्या हातात दिला आणि उंबऱ्याशी चपला काढून आबांना भेटायला आत गेला.